पंचवटी ते मॉस्को : आपल्या वाट्याला आलेली रशियन भाषा

स्नेहमेळाव्याच्या समितीचा फोन आला तेव्हा पलीकडून आदेशच सुटला, "तू रशियात शिकलास ना, मग त्यावर लिही. पण प्रवासवर्णन नको." मित्रांचा आदेश मोडायचा नसतो. मी विचार करू लागलो आणि लक्षात आले की माझी गोष्ट एकट्याची नाहीच. १९७७ साली दहावी झालेल्या आपल्या वर्गातल्या निदान पाच-सहा घरांत रशियन शब्द ये-जा करत होते. गंगेवर, रामकुंडाच्या हाकेच्या अंतरावर वाढलेल्या मुलांच्या कानावर ही दूरदेशची भाषा कशी आली, ती कोण शिकले, कोणाची अर्धी राहिली, याची नोंद कुठेतरी व्हावी म्हणून हा लेख.

मराठी मुलखाशी रशियन माणसाचा संबंध जुना आहे. अफानासी निकितीन हा त्वेर गावचा व्यापारी १४६९ च्या सुमारास चौलच्या बंदरात उतरला आणि पावसाळ्यात जुन्नरला अडकला. आपल्यापासून जुन्नर ते किती लांब! पुढे तो बीदरकडे गेला. त्याच्या टिपणांत रशियन मजकुरामध्ये फारसी-तुर्की शब्द आणि वाक्येच्या वाक्ये मिसळलेली आहेत. शाळा नाही, शब्दकोश नाही. खाणे, राहणे आणि घोडा विकणे या गरजांनी त्याला परकी बोली शिकवली. पाचशे वर्षांनी उलट दिशेने गेलेल्या आम्हा मुलांचे याहून फार वेगळे झाले नाही.

आपल्या गावात रशियन आली ती ओझरच्या वाटेने. मिग-२१ विमाने भारतात बनवण्याचा करार सोव्हिएत संघाशी १९६२ साली झाला. विमानाचा सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओरिसात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी ठरली. १९६४ साली ओझरचा कारखाना सुरू झाला. यंत्रे आली, त्यांच्याबरोबर रशियन तज्ज्ञ आले, त्यांची कुटुंबे वसाहतीत राहू लागली. सुटीच्या दिवशी गोऱ्या बायका मुलांना घेऊन भांडी बाजारात तांब्या-पितळेची भांडी हाताळताना दिसायच्या. दुकानदारांना "खराशो" हा शब्द पाठ झाला होता. खराशो म्हणजे छान. भाव पटला की दोन्हीकडून खराशो!

माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, त्याच कारखान्यात होते. पहाटे कारंजावर कंपनीची बस यायची. अण्णांच्या यंत्रावरच्या पाट्या रशियनमध्ये होत्या. 'पुस्क' म्हणजे सुरू, 'स्तोप' म्हणजे बंद, 'व्निमानिये' म्हणजे सावधान, 'मास्लो' म्हणजे तेल. असे चाळीसेक शब्द त्यांनी एका वहीत देवनागरीत उतरवून घेतले होते. त्या चाळीस शब्दांवर त्यांनी अख्खी नोकरी केली. पण शेजारी उभ्या असलेल्या रशियन माणसाशी "घरी सगळे बरे आहेत ना?" एवढे बोलायचे झाले तरी मध्ये दुभाषा लागायचा. अण्णांना त्याची खंत होती. "यंत्र कळतं रे, माणूस कळत नाही," असे ते म्हणायचे.

त्या काळात रशियन शिकण्याला सरकारी पाठबळही होते. मुंबईची आयआयटी १९५८ साली युनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएत मदतीने उभी राहिली. १९६५ मध्ये दिल्लीत रशियन अभ्यासाची स्वतंत्र संस्था निघाली, ती पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामील झाली. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियनचे वर्ग चालत. १९७१ च्या ऑगस्टमध्ये भारत-सोव्हिएत मैत्री करार झाला. आणि आपल्या हाताशी काय होते? सोव्हिएत मासिकांचे गुळगुळीत रंगीत कागद! वह्या-पुस्तकांना कव्हरे घालायला त्यासारखा कागद दुसरा नव्हता. अनिल हवालदारांनी मराठीत आणलेली रशियन बालपुस्तके तर आठ-बारा आण्यांत मिळायची. बर्फ, अस्वले, बर्च झाडे ही आपण गोदाघाटावर बसून पाहिली.

मॉस्कोत ५ फेब्रुवारी १९६० रोजी एक विद्यापीठ स्थापन झाले होते, खास आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या मुलांसाठी. पुढच्या वर्षी त्याला काँगोचे मारले गेलेले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांचे नाव दिले गेले. बारावीनंतर, १९७९ च्या उन्हाळ्यात, अर्ज, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी यांतून माझी निवड तिथे अभियांत्रिकीसाठी झाली. आईने मेतकूट, लोणचे आणि दोन स्वेटर दिले. अण्णांनी चाळीस शब्दांची वही पुढे केली, मग काय वाटले कोण जाणे, परत घेतली. म्हणाले, "तू तुझी नवी कर."

आता मुख्य मुद्दा. तिथे भाषा शिकवायची पद्धत काय होती?

पहिले वर्ष पूर्वतयारीचे असे. त्या वर्षात मुख्य विषय एकच, रशियन भाषा. वर्ग लहान, आठ-दहा मुलांचा, आणि शक्यतो एका देशाची मुले एकत्र बसवायची नाहीत. माझ्या वर्गात पेरू, इथिओपिया, सीरिया, मादागास्कर अशा ठिकाणची मुले होती. कोणाला इंग्रजी येई, कोणाला फ्रेंच, कोणाला स्पॅनिश. सर्वांना समजेल अशी एकही भाषा नव्हती. त्यामुळे शेंगदाणे मागायचे असोत की भांडायचे असो, मोडक्या रशियनशिवाय गत्यंतर नव्हते. वसतिगृहात खोलीवर एक सोव्हिएत विद्यार्थी असायचाच. दरमहा ९० रूबल शिष्यवृत्ती मिळे आणि हिवाळी कपड्यांसाठी वेगळे पैसे मिळत. ओव्हरकोट घ्यायला गेलो तो माझा पहिला तोंडी पेपर!

आमच्या बाई पहिल्या दिवसापासून रशियनखेरीज अक्षरही बोलल्या नाहीत. खडू दाखवायच्या आणि नाव सांगायच्या, दार उघडायच्या आणि क्रियापद सांगायच्या. पहिले काही आठवडे फक्त उच्चार. हातात छोटा आरसा देऊन जीभ कुठे लागते ते बघायला लावायच्या. रशियनमध्ये एकाच व्यंजनाचा कठोर आणि मृदू असा दुहेरी उच्चार असतो. 'मात्य' म्हणजे आई, पण शेवटचा त मृदू झाला नाही तर उरतो 'मात', म्हणजे अर्वाच्य शिव्या. बाईंनी हे पहिल्याच आठवड्यात बजावले होते. आईचे नाव घेताना जीभ सांभाळायची हे आपल्याला घरीच शिकवलेले असते, म्हणून ते पक्के बसले.

शहर ही दुसरी शाळा. भुयारी रेल्वेचे भाडे पाच कोपेक, ट्रॉलीबसचे चार, ट्रामचे तीन. ट्रॉलीबसमध्ये गर्दी असली की मागचा माणूस नाणे पुढच्याच्या हातात देत म्हणायचा, "पेरेदाय्ते, पझालुस्ता", म्हणजे कृपया पुढे द्या. नाणे हातोहात पेटीपर्यंत जायचे आणि तिकीट तसेच मागे यायचे. मधल्या माणसाला गप्प राहण्याची सोय नव्हती. भुयारी गाडीत दर स्थानकावर सूचना होई, "अस्तरोझ्ना, द्वेरी झक्रिवायुत्सा." दोन आठवडे तो नुसता आवाज होता. एक दिवस एकदम कानात शब्द सुटे झाले. द्वेरी! अरे, हे तर द्वार! दारे बंद होत आहेत, सांभाळा. माझ्यासाठी मात्र त्या दिवशी दार उघडले.

मग असे शब्द सापडतच गेले. ब्रात म्हणजे भ्राता, न्येबा म्हणजे नभ, अगोन्य म्हणजे अग्नी, द्वा आणि त्री म्हणजे दोन आणि तीन. पण शब्दांपेक्षा मोठी मदत मराठी व्याकरणाने केली. रशियनमध्ये तीन लिंगे आहेत, आपल्यासारखीच. हिंदी भाषक मित्र नपुंसकलिंगापाशी अडखळायचे, मी नाही. 'एता मोय दोम' आणि 'हे माझे घर', शब्दाला शब्द, 'आहे'ची गरज नाही. 'चाक' आणि 'चहा' यांतले दोन वेगळे च आपण सहज बोलतो. रशियनमध्ये त्यांना दोन स्वतंत्र अक्षरे आहेत, एवढाच फरक. 'वाचले' आणि 'वाचून काढले' यांत आपण जो भेद करतो, तसाच भेद रशियन क्रियापदे जोड्या-जोड्यांनी करतात. छळले ते 'जाणे' या क्रियापदाने. पायी की वाहनाने, एकदा की नेहमी, हे ठरल्याशिवाय रशियन माणूस घराबाहेरच पडत नाही.

नावाचीही गंमत झाली. तिथे आदराने हाक मारताना नाव आणि वडिलांचे नाव एकत्र घेतात. टॉलस्टॉय म्हणजे लेव निकोलायेविच, निकोलायचा मुलगा लेव. इतर देशांच्या मुलांना अर्जातल्या त्या रकान्यात काय लिहावे ते कळेना. आपल्याकडे वडिलांचे नाव मध्ये असतेच. मी बाईंना सांगितले की आमच्या नाशकातल्या सर्वांत मोठ्या कवीला तुम्ही विष्णू वामनोविच म्हणाल. तात्यासाहेब शिरवाडकरांनी हे ऐकले असते तर मिश्कील हसले असते.

आणि विभक्ती. रशियनमध्ये सहा आहेत. वर्ग रडकुंडीला आला होता. मला मात्र आठवीचा वर्ग आठवत होता. आपले मराठीचे सर, धोतराचा सोगा खोचून टेबलाशी उभे, प्रथमा ते संबोधन आपल्याकडून घोकून घेत आहेत आणि 'विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वी नामाच्या रूपात जो बदल होतो त्यास सामान्यरूप म्हणतात' हे वाक्य शेवटच्या बाकापर्यंत सगळे एका सुरात म्हणत आहेत. त्या सुरात आपण किती टवाळी मिसळायचो ते आज कबूल करायला हरकत नाही. मी पुढाकारच घ्यायचो.

मी शाकाहारी. उपाहारगृहात "मांस नको" एवढे सांगता येईना. म्यासो म्हणजे मांस, हे कळले होते. शिवाय म्हणजे 'बेज', हेही कळले होते. मी म्हणायचो "बेज म्यासो", आणि वाढणारी बाई दुरुस्त करायची, "बेज म्यासा". तिसऱ्या दिवशी ताट हातात धरून रांगेत उभा असताना डोक्यात लख्ख उजेड पडला. मांस, मांसाशिवाय. म्यासो, बेज म्यासा. शब्द तोच, आणि शेवटी येणारा आकारही तोच. हे तर सामान्यरूप! सरांचे वाक्य मॉस्कोच्या रांगेत उभे राहून मी मोठ्याने म्हटले. मागच्या इथिओपियन मित्राला वाटले, मी जेवणापूर्वीची प्रार्थना म्हणतोय.

अण्णांना पत्र लिहिले, "इथे मास्लो पावाला लावून खातात." रशियनमध्ये तेल आणि लोणी दोन्हींना एकच शब्द आहे. कारखान्यातल्या पाटीवर त्यातला एकच अर्थ येतो, दुसरा कळायला कोणाच्या तरी घरी जेवायला बसावे लागते. परदेशात राहून भाषा शिकणे म्हणजे काय, हे मला यापेक्षा थोडक्यात सांगता येत नाही.

भाषा आली केव्हा? परीक्षेत नाही. १९८० च्या फेब्रुवारीत घरून पत्र आले, तीन आठवड्यांपूर्वी आजी गेली होती. दहावा, तेरावा सगळे रामकुंडावर होऊन गेले होते. मी दिवसभर खोलीत बसून राहिलो. संध्याकाळी आमच्या मजल्याची राखण करणाऱ्या वयस्क बाईंनी दार वाजवले आणि जेवायला का गेला नाहीस म्हणून विचारले. मी सांगितले. आजी कशी होती, पहाटे अंधारात गंगेवर स्नानाला कशी जायची, मला कशी उठवायची. बाईंनी चहा केला. "किती वर्षांच्या होत्या?" असे विचारले. मला सांगता आले नाही, कारण आजीचे वय आमच्या घरात कोणी मोजलेच नव्हते. बाई गेल्यावर उशिरा लक्षात आले की एवढा वेळ मी एकही वाक्य आधी मराठीत जुळवले नव्हते. आनंद व्हावा की वाईट वाटावे ते कळेना. आजीबद्दल मराठीत बोलायला मला तिथे कोणीच नव्हते, म्हणून ती भाषा आली.

त्या वर्षी जुलैत ऑलिंपिक झाले, स्पेनला ४-३ हरवून भारताने हॉकीचे सुवर्ण जिंकले आणि वसतिगृहात मी रशियनमध्येच ओरडलो. पुढे लेनिन ग्रंथालयात कातेनिना बाईंनी रशियनमध्ये लिहिलेले, १९६३ साली छापलेले मराठीचे व्याकरण हाती लागले. आपली तीन लिंगे आणि आपले सामान्यरूप रशियन अक्षरांत वाचताना घशाशी आवंढा आला. १९८४ च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा अंतराळात गेले. त्याआधी ते आणि रवीश मल्होत्रा मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत राहून, आमच्यासारखेच, रशियन शिकले होते. उड्डाणाच्या सर्व सूचना त्याच भाषेत होत्या, तिथे चुकीला जागा नव्हती. हेच शर्मा पुढे १९८७ पासून काही वर्षे ओझरला मुख्य चाचणी वैमानिक होते, हे आपल्यातल्या अनेकांना माहीत नसेल.

१९८२ मध्ये सुटीत आलो तेव्हा सरांना भेटायला गेलो. काळारामाच्या मागच्या गल्लीत, ओट्यावर बसलेले. रांगेतला किस्सा सांगितला. सर ऐकत राहिले, डोळे मिटून. मग म्हणाले, "अरे, सामान्यरूप बरोबर आहे. उदाहरण तेवढं दुसरं शोध." आणि खो खो हसले. मी निघताना पाया पडलो तेव्हा म्हणाले, "तुम्ही टवाळी करत होता ते मला कळत होतं बरं का. पण पाठ होत होतं ना, मग मी कशाला थांबवू?"

१९८५ साली पदवी घेऊन परतलो. तांत्रिक कागदपत्रांची भाषांतरे आणि दुभाष्याचे काम भरपूर मिळाले. कारखान्यात अण्णांच्या निवृत्तीला थोडे दिवस उरले होते. एकदा त्यांच्याबरोबरच्या रशियन गृहस्थांशी मी त्यांची गाठ घालून दिली. इतक्या वर्षांनी अण्णांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, "घरी सगळे बरे आहेत ना?"

डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघच उरला नाही. कामे आटली, पत्रे थांबली, विद्यापीठाचे नावही १९९२ मध्ये बदलले. ते जुने नाव २०२३ मध्ये परत आले, पण तेव्हा आम्हाला वाटले होते की आमची पदवीच पुसली गेली. आयुष्याची सहा ऐन वर्षे एका बुडालेल्या देशाच्या भाषेत घातली, असे मी उघड म्हणू लागलो. एका दिवाळीत सगळी रशियन पुस्तके रद्दीसाठी अंगणात काढली. अण्णांनी ढिगातून जाडजूड शब्दकोश उचलला आणि काही न बोलता घरात नेऊन ठेवला. पुढे २००० साली सुखोई-३० विमाने इथे बनवण्याचा करार झाला, काम पुन्हा ओझरलाच आले, आणि तोच शब्दकोश मी पुन्हा उघडला.

आज आपल्या जिल्ह्यातली कितीतरी मुले वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात जातात. शिकवणे बहुधा इंग्रजीत असते. पण खाटेवरचा रुग्ण रशियनच बोलतो. "कुठे दुखतंय?" हा प्रश्न विचारता येतो, उत्तर मात्र पुस्तकातल्यासारखे येत नाही. कोणी सल्ला विचारायला आले की मी एवढेच सांगतो, पहिले वर्ष आपल्या मुलांच्या घोळक्यात राहू नका, चुका करायला लाजू नका, आणि जाण्यापूर्वी मराठीचे व्याकरण एकदा काढून वाचा. शेवटचे ऐकून आई-बाप चमकतात.

सर आता नाहीत. अण्णाही २००९ मध्ये गेले. त्यांच्या पेटीत ती चाळीस शब्दांची वही निघाली. 'मास्लो – तेल' या ओळीपुढे वेगळ्या शाईने लिहिले होते, 'लोणी पण'.

ओझरच्या पहिल्या पिढीच्या अशा वह्या अजून काही घरांत असतील. मित्रमैत्रिणींनो, तुमच्याकडे असेल तर रद्दीत टाकू नका. मेळाव्याला येताना घेऊन या. अण्णांची वही आणि तो शब्दकोश मी शाळेच्या ग्रंथालयाला देणार आहे. शेजारी आठवीचे मराठी व्याकरणाचे पुस्तकही ठेवावे, अशी ग्रंथपालांना विनंती आहे.